पट्टीआधी डोळे मिटणारी मार्थाबाई

"आधी या दोघायचे कपडे काढा," मार्थाबाई म्हणाल्या. "बाकीचं मंग."

त्यांच्या एका हातात पाण्याची बादली होती आणि दुसऱ्या हातात कपड्याच्या साबणाची वडी. ग्रामपंचायतीसमोर ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत दोन माणसं पडली होती. एक माझा मुलगा दिलीप, दुसरा आमच्या शेतात कामाला असलेला शंकर आत्राम. दोघंही सकाळपासून आमच्या कपाशीवर औषध फवारत होते. कपाशी डोक्याच्या वर गेली होती, वारा उलटा होता, आणि दोन औषधं एकात मिसळली होती. दोघांच्या तोंडातून लाळ गळत होती. सदरे अंगाला ओले चिकटले होते.

मार्थाबाई ट्रॉलीवर चढायला लागल्या तसा उपसरपंच गजानन आडवा आला. "बाई, हात लावू नका. गावाचा ठराव हाय."

"ठराव माह्या प्रार्थनेवर हाय ना? साबणावर नाही."

"तुमी हात लावला की पुटपुटताच. साऱ्यायले माहीत हाय."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. सरपंच मी होते. ठरावावर सही माझी होती. ट्रॉलीत मुलगा माझा होता.

मी म्हटलं, "मार्थाबाई, तुमी घरी जा."

त्यांनी बादली तिथेच जमिनीवर ठेवली, साबण बादलीच्या काठावर ठेवला आणि गेल्या. त्या पाण्याला कोणी हात लावला नाही.

हे सगळं दुपारी एकच्या सुमाराला झालं. पुढचा तास कसा गेला ते सांगते, पण आधी ही बाई कोण होती ते सांगितलं पाहिजे. मी चौथीपर्यंत शिकले आहे. मला नटवून सांगता येत नाही.

मार्थाबाई आमच्या राळेगाव तालुक्यातल्याच. मिशनच्या दवाखान्यात सदतीस वर्षं नर्स होत्या. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. नोकरी संपल्यावर गावात आजीच्या घरी येऊन राहिल्या. गावात ख्रिस्ती घर तेवढं एकच. मनगटावर पुरुषी घड्याळ, पायात कॅनव्हासचे बूट, फुलाफुलांचं लुगडं आणि ऊन असो नसो, हातात छत्री. छत्री उघडलेली मी कधी पाहिली नाही. ती पोरांच्या पायावर मारण्यासाठी होती. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणारा पोरगा दिसला की छत्रीचं टोक त्याच्या पोटाला लावून म्हणायच्या, "थुक. माह्यासमोर थुक. तोंडाचा कॅन्सर झाल्यावर नळी मीच टाकू का तुह्या नाकात?" पोरं थुकायची.

फोड, भाजलेलं, विळा लागलेला, शेळीनं ढुशी मारलेली, सगळी त्यांच्याकडे जायची. पैसे घेत नसत, पण शिव्या मोप द्यायच्या. जखम उघडल्यावर त्या दोन क्षण डोळे मिटायच्या आणि ओठ हलवायच्या. मग पट्टी. कोणी विचारलं, "काय पुटपुटता बाई?" तर म्हणायच्या, "पट्टी वाकडी बसू नये म्हणून सांगून राह्यली." पुन्हा कोणी विचारलं तर, "तुह्या जिभेले हाड देजो म्हणते."

नाताळला त्या करंज्या करायच्या. घमेल्यात वाळू तापवून नानकटाईही करायच्या. मग ताट फडक्यानं झाकून गावात दारोदार. आमच्याकडे पहिलं ताट. आमचं घर पाटलाचं. माझ्या सासूचा नियम होता की मिशनवाल्यांच्या घरचं घ्यायचं, नाही म्हणायचं नाही, आणि म्हशीला घालायचं. सासू गेली तरी मी तेच केलं. का केलं ते मला सांगता येणार नाही. सासू बघत नव्हती, देव बघत असेल तर त्याला म्हशीचं काय? पण हात आपोआप गव्हाणीकडे जायचा.

चौथ्या-पाचव्या वर्षी मार्थाबाईंनी ताट माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "पाटलीणबाई, म्हैस कशी हाय? गोड खाऊन दूध वाढलं का?"

मी ताटावरचं फडकं सारखं करायला लागले.

"यंदा खोबरं जास्त घातलं," त्या म्हणाल्या. "तिले सांगजा."

त्या वर्षी मी एक करंजी खाल्ली. दारामागे उभं राहून. चांगली होती. उरलेल्या म्हशीला घातल्या.

आमच्या घराण्याची एक गोष्ट मला सासरी कोणी सांगितली नाही, मार्थाबाईंनी सांगितली. माझ्या मालकांचे पणजोबा आबाजी गावचे पाटील होते. त्यांच्या वेळी दमणीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत बसून एक गोरी मडम या भागात पहिल्यांदा आली. गावोगाव पुस्तक वाचून दाखवायची. लोक पोरं आत ओढून घ्यायचे आणि दारं लावायचे. आमच्या गावात तिला कोणी पाणी विचारलं नाही. आबाजींनी तिला भर दिवसा समोरच्या ओट्यावर बसवलं आणि म्हणाले, "वाच, आयकतो."

तिनं मोडक्या मराठीत वाचलं. आबाजींनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "तुहा देव सुतार होता म्हणते. मंग काय करे? पाळणे, का नांगर?"

मडमेला सांगता येईना. तिनं 'नाही माहीत' म्हटलं आणि विचारून सांगते म्हणाली. कोणाला पत्र लिहिलं देव जाणे. दोन महिन्यांनी दमणी परत आली. मडम म्हणाली, "जुन्या काळच्या एका माणसानं लिहून ठेवलंय. नांगर आणि जू करायचा."

"मंग बस," आबाजी म्हणाले. "नांगर करणारा माणूस खोटं कमी बोलते."

असं चार हिवाळे चाललं. आबाजी फकिराचंही ऐकायचे आणि महानुभावांचंही. ख्रिस्ती काही झाले नाहीत. जातवाले त्यांच्या घरच्या लग्नात जेवायला आले नाहीत, तरी मडम आली की घोंगडी अंथरायचेच. लोकांनी विचारलं, पाटील, तुम्ही बाटणार का? ते म्हणाले, "आयकल्यानं कोणी बाटत नाही. भेल्यानं बाटते."

मार्थाबाईंना ही गोष्ट कुठून माहीत? त्यांची आजी सुंद्रा सहा वर्षांची असताना दुष्काळात आई-बाप मेले. मडमेनं तिला उचलून दमणीत घातलं आणि वाढवलं. पाटलाच्या ओट्यावर वाचन चालायचं तेव्हा सुंद्रा तिथे असायची.

मी म्हटलं, "आमचे आबाजी मोठ्या मनाचे होते म्हणा."

मार्थाबाईंनी घड्याळाला चावी दिली. "व्हते. पण ओट्यावर मडमेले घोंगडी, आन् माही आजी खाली अंगणात. पाणी बी वरून ओतून देत. पाटील मोठ्या मनाचा व्हता, पन मन ओट्याच्या खाली नाही उतरलं त्याचं."

मला राग आला. आमच्याच घरात बसून, आमचाच चहा पिऊन असं बोलते म्हणून. नंतर पाहिलं तर त्यांना मी चहा कान तुटलेल्या कपात दिला होता. तो कप मी वेगळा ठेवत असे.

माझे मालक गेल्यावर दुसऱ्या वर्षी सरपंचाची जागा बाईसाठी राखीव झाली. गजाननला पाटलाच्या घरचं नाव पाहिजे होतं, म्हणून मला उभं केलं. कारभार तो बघायचा, सही मी करायची. त्याच सुमाराला बाहेरगावची काही माणसं गावात फिरून सांगायला लागली की ही बाई रोग्याच्या कानात मंत्र घालते आणि माणसं धर्मातून फोडते. दहा वर्षांत त्यांनी एकही माणूस फोडला नव्हता. त्यांना गावात फोड आलेलीच माणसं भेटायची. पण गजाननला पुढे पंचायत समितीला उभं राहायचं होतं. त्यानं ग्रामसभेत ठराव आणला, मार्थाबाईंनी गावात कोणावर उपचार करायचे नाहीत.

सभेत मी त्यांना म्हटलं, "मार्थाबाई, डोळे मिटणं सोडा न. पट्ट्या करा, कोणी काही म्हणणार नाही."

त्या बायकांमध्ये मागे बसल्या होत्या. उठून म्हणाल्या, "हात माहे, डोळे माहे. डोळे मिटाले पंचायतीचा दाखला लागते का, सरपंचीणबाई?"

बायका हसल्या. गजानन नाही हसला. त्यानं कागद माझ्यापुढे सरकवला. मी सही केली. मी अडाणी बाई, मला काय कळतं, असं मी पुढे बऱ्याच लोकांना सांगितलं. ते खोटं आहे. चौथीच्या पोरीला कळेल एवढं सोपं लिहिलं होतं, आणि सही करताना कोणी माझा हात धरला नव्हता.

त्यानंतर तीन महिन्यांनी तो फवारणीचा दिवस आला.

गावातली एकच जीप राळेगावला गेली होती. यायला तास लागणार होता. शंकरला ट्रॉलीतून काढून ग्रामपंचायतीच्या ओसरीत निजवलं. त्याची बायको सुमन दुसऱ्याच्या शेतात निंदायला गेली होती, तिला निरोप पाठवला. लोक शंकरला वारा घालत होते, कोणी दूध आणलं, कोणी मारुतीचा अंगारा. दिलीपला चौघांनी उचलून आमच्या घरी आणलं. मी त्या चौघांना म्हटलं, तुम्ही जा, जीप पहा. ते गेल्यावर मी मागच्या वाडीतून मार्थाबाईंच्या घरी गेले. पळत गेले. साठीची बाई होते मी.

त्या उंबरठ्यावर बसल्या होत्या. मला वाटलं, आता बोलतील. मी पायही धरले असते. त्या फक्त उठल्या, दुसरा साबण घेतला आणि म्हणाल्या, "पिशव्या हायेत का घरी? पन्नीच्या?"

त्यांनी हातांना त्या प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. दिलीपचा सदरा, पॅन्ट कात्रीनं कापून दूर फेकली. डोक्यापासून पायापर्यंत साबणानं धुतला, तीनदा. केस, कान, नखं. मी पाणी ओतत होते. मी दूध आणलं तर ओरडल्या, "नाकात जाईल त्याच्या, ठेव तिकडं!" त्याला कुशीवर वळवला, तोंडातली लाळ पुसली. मग डोळे मिटले. ओठ हलले. मी पाहिलं आणि त्या दिवशी मला ते बंद होऊ नये असं वाटलं.

"औषधाचा डबा संग न्या," त्या म्हणाल्या. "डॉक्टरले दाखवाले लागते." मग हातावरच्या पिशव्या सोडता सोडता विचारलं, "शंकरचे कपडे काढले का?"

मी म्हटलं, "हो. काढले."

"धुतला?"

"हो."

शंकर ओसरीत तसाच ओल्या सदऱ्यात पडला होता. मला माहीत होतं. नाही म्हटलं असतं तर मार्थाबाई माझ्या घराच्या पुढच्या दारातून सरळ ओसरीकडे गेल्या असत्या. मग गावाला कळलं असतं की चौकात त्यांना हाकलणारी सरपंच घरात त्यांच्याकडून पोरगा धुऊन घेत होती. मी मनात म्हटलं, त्या गेल्या की मी स्वतः जाऊन माणसांना सांगते, शंकरचा सदरा काढा. खरंच म्हटलं होतं. मार्थाबाई मागच्या वाडीतून गेल्या आणि तेवढ्यात जीपचा हॉर्न वाजला.

जीपमध्ये मागे दोघांना आडवं टाकलं. मी त्यांच्यामध्ये बसले. गजानन पुढे बसला होता, वळून म्हणाला, "दिलीपचे कपडे कोणं बदलले?"

"मीच. उलटीनं भरले होते."

"बरं केलं."

यवतमाळपर्यंत सव्वा तास लागला. शंकरच्या सदऱ्याचा वास गाडीत भरून राहिला होता. त्याचं डोकं माझ्या पायाला लागत होतं. सदऱ्याला चार गुंड्या होत्या. काढायला किती वेळ लागतो? पण मी हात लावला असता तर गजाननानं विचारलं असतं, हे तुम्हाला कोणं सांगितलं. सव्वा तास मी खिडकीबाहेर बघत होते.

सरकारी दवाखान्यात नर्सनं कात्रीनं तो सदरा कापला. डॉक्टरनं विचारलं, "ओले कपडे किती वेळ होते अंगावर?" गजानन म्हणाला, "काय माहीत." मला माहीत होतं. मी बोलले नाही.

बाराव्या दिवशी दिलीपला घेऊन घरी आले तेव्हा गावानं मारुतीला नारळ फोडला. पुढच्या ग्रामसभेत गजानन म्हणाला, "पाहा, बाईचा हात लागू देला नाही, तरी आपला दिलीप उभा राह्यला. ठराव बरोबर होता." टाळ्या पडल्या. मार्थाबाई मागे बायकांत बसल्या होत्या. मी खुर्चीवर होते. त्यांनी एक वाक्य म्हटलं असतं तर माझी आणि गजाननची दोघांची तोंडं बंद झाली असती. त्यांनी घड्याळ पाहिलं, छत्री उचलली आणि शेळी सोडायची आहे म्हणून निघून गेल्या.

त्या नाताळला करंज्यांचं ताट आलं. म्हशीचं काही विचारलं नाही. ताट देऊन त्या म्हणाल्या, "सुमन सांगत होती, दवाखान्यातल्या नर्सनं शंकरचा सदरा कापला. ओला व्हता म्हणे." एवढंच बोलून माझ्याकडे बघत राहिल्या. मी ताटाकडे बघत होते. मग त्या गेल्या. दुसऱ्यांदा त्यांनी तो विषय माझ्यापाशी काढला नाही.

ठराव कागदावर तसाच राहिला. लोक महिन्याभरात पुन्हा फोड घेऊन त्यांच्याकडे जायला लागले. गजाननची आईसुद्धा गेली. मार्थाबाई डोळे मिटायच्याच.

एकदा मी धीर करून विचारलं, "तुमी गावाले काहून नाही सांगितलं? माह्या घरी आलत्या म्हणून?"

त्या सुईत दोरा ओवत होत्या. "रोग्याच्या घरातलं बाहेर नेत नाही. मडमेनं आजीले शिकवलं, आजीनं मले. तुमच्यासाठी नाही गप बसली. तुमचं काय मोठं लागून गेलं?"

मला वाटलं होतं की त्या माझी लाज राखत होत्या. माझ्या लाजेचा त्यांनी विचारही केला नव्हता.

सहा वर्षांनी त्यांची दृष्टी गेली. पट्टी वाकडी बसायला लागली म्हणून पट्ट्या बंद केल्या आणि भाचीकडे यवतमाळला जायला निघाल्या. फाट्यावर एस.टी.ची वाट बघत पत्र्याच्या पेटीवर बसल्या होत्या. मी गेले. म्हटलं, "मार्थाबाई, मी त्या दिवशी तुमच्याशी खोटं बोलली."

"मालूम हाय."

"माफ करा मले."

त्यांनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "मले कायले? सदरा माह्या अंगात व्हता का? सुमनले सांगा."

"सुमनले कोणत्या तोंडानं सांगू?"

"जे हाय त्यानंच. दुसरं कुठून आणता आता?"

एस.टी. आली. कंडक्टरनं पेटी वर घेतली. मी हात धरायला गेले तर त्यांनी छत्रीनं माझा हात बाजूला केला, दांडा चाचपून स्वतः चढल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "हळू चालव रे बाप्पा, म्हातारी हाय." खिडकीशी बसल्या. डोळे मिटलेले होते. ओठ हलत होते की नाही ते काचेतून मला दिसलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्या भाचीकडेच वारल्या. मातीला मी गेले नाही. घरी पाहुणे होते, असं मी तेव्हा सांगितलं. पाहुणे नव्हते.

सुमन आता लोहाऱ्याला राहते, एका कारखान्यात झाडझूड करते. आमच्या गावाहून एस.टी.नं दीड तास आणि मग पायी. मी दोनदा फाट्यापर्यंत गेले आणि परत आले. आता हे लिहून झाल्यावर हा कागद घेऊन जाईन म्हणते. जाईन की नाही, माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवू नये.

मी यवतमाळच्या डॉक्टरला एकदा विचारलं होतं, वेळेवर सदरा काढला असता, साबणानं धुतलं असतं, तर माणूस वाचतो का. तो म्हणाला, "सांगता येत नाही, आजी. पण त्यानं फरक पडतो."

शंकर आत्राम चौथ्या दिवशी पहाटे गेला. तो एकतीस वर्षांचा होता. दिलीप जगला.